लंगोट कोण धुणार?

घरात बाळ येऊन महिना-दोन महिने झाले की हा प्रश्न येतोच : डायपर वापरायचे की कापडी लंगोट? विचारणारे आईबाप अर्धवट झोपेत असतात, त्यांना सरळ उत्तर हवं असतं. वाट्याला येतो तो वाद. एक बाजू सांगते की तुमच्या बाळाचा एकेक डायपर शेकडो वर्षं कचऱ्याच्या डोंगरात पडून राहील, आणि ज्यांना एवढाही त्रास सोसत नाही त्यांनी मुलांच्या भविष्याच्या गोष्टी करू नयेत. तिची आवडती म्हण 'थेंबे थेंबे तळे साचे'. दुसरी बाजू म्हणते, तेल-कोळशाच्या कंपन्या आभाळात धूर ओततायत आणि तुम्ही लंगोट कसले पिळत बसलाय? तिचीही म्हण ठरलेली : आभाळच फाटलंय, ठिगळ कुठे कुठे लावणार! दोन्ही म्हणी शहाण्या आहेत. पण लहान मुलं असलेल्या घराने उद्या सकाळी उठून काय करावं, हे त्यातली एकही सांगत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. लहान मुलांच्या घराने पर्यावरण जपणाऱ्या सवयी लावून घ्याव्यात, जरूर घ्याव्यात. मात्र त्यांचं मोल वाचलेल्या कार्बनच्या किलोंमध्ये शोधू नये. सवय घरात कोणाच्या अंगावर पडते आणि घराबाहेर कोणती मागणी घेऊन जाते, या दोन प्रश्नांवर तिची पारख व्हावी. थेंबवाले आणि आभाळवाले, दोघंही हे विचारत नाहीत, कारण दोघांच्याही डोळ्यांसमोरचं घर दार लावून बसलेलं आहे. एकाला ते गुन्हेगार दिसतं, दुसऱ्याला बिचारं. त्या घरातली माणसं दार उघडून चार शेजाऱ्यांशी बोलू शकतात, हे दोघांच्याही हिशेबात नसतं.

आभाळवाल्यांच्या म्हणण्यात वजन आहे, ते झटकून टाकता येणार नाही. १९७१ साली अमेरिकेत एक जाहिरात गाजली. मूळनिवासी वेशातला एक माणूस कचऱ्याने भरलेल्या नदीतून होडी वल्हवत येतो, चालत्या गाडीतून कोणीतरी त्याच्या पायाशी कचरा फेकतं, आणि त्याच्या डोळ्यांतून एक थेंब ओघळतो. प्रदूषण माणसं सुरू करतात, ते माणसंच थांबवू शकतात, असा तिचा सांगावा होता. ती काढणारी 'कीप अमेरिका ब्यूटिफुल' ही संस्था १९५३ साली उभी राहिली होती पेयांच्या आणि वेष्टनांच्या कंपन्यांच्या पाठबळावर, म्हणजे ज्यांच्या एकदा वापरून फेकायच्या डब्या-बाटल्यांनी रस्ते भरत होते त्यांच्याच. रिकामी बाटली परत घेणं दुकानदाराला बंधनकारक करणाऱ्या कायद्यांना याच उद्योगाचा कडवा विरोध होता. पुढे २००५ च्या सुमारास 'कार्बन फूटप्रिंट', म्हणजे एकेका माणसाच्या राहणीमुळे हवेत जाणाऱ्या कार्बनची पाऊलखूण, हा शब्द सामान्य माणसाच्या तोंडी रुळवण्यात बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींचा मोठा हात होता. जमिनीतून तेल काढणाऱ्यानेच गिऱ्हाइकाला विचारायचं, बाबा रे, तुझी पावलं किती मोठी? जबाबदारी अशी हळूच दुसऱ्याच्या पदरात टाकली जाते, हा आभाळवाल्यांचा राग मला शंभर टक्के पटतो.

त्यांच्याकडे याहूनही मोठा पुरावा आहे. २०२० साली महासाथीमुळे जगभर माणसं घरात अडकली. विमानं जमिनीवर आली, रस्ते ओस पडले. एवढी सक्तीची साधी राहणी माणसाने आधुनिक काळात कधी पाहिली नव्हती. तरीही त्या वर्षी जगाचं कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन घटलं ते फक्त ५ ते ६ टक्क्यांनी. वीज कशापासून बनते, सिमेंट आणि पोलाद कसं तयार होतं, शहरं कशी बांधली जातात, हे बदलल्याशिवाय घरातल्या घरात आवळून काही भागणार नाही, हे त्या वर्षाने दाखवून दिलं. तळ्याच्या तळालाच भगदाड असेल तर थेंब मोजून काय होणार?

पण ते भगदाड बुजवायला भाग कोण पाडतं? इथे आभाळवाले गप्प होतात. कायदे काही आपोआप होत नाहीत.

१७९१ साली ब्रिटिश संसदेने गुलामांच्या व्यापारावर बंदी घालणारं विधेयक फेटाळलं. त्यानंतर तिथल्या असंख्य घरांनी गुलामांच्या मळ्यांतली साखर टाकून दिली. थॉमस क्लार्कसन या चळवळीच्या कार्यकर्त्याच्या अंदाजानुसार अशी सुमारे ३ लाख माणसं होती. बायकांना मताचा अधिकार नव्हता. पण घरात कोणती साखर येईल हे त्यांच्या हातात होतं. त्या काळातही कोणीतरी म्हणालंच असेल की एवढा अवाढव्य व्यापार तुमच्या कपभर चहाने थोडाच बुडणार आहे? आणि ते खरंही होतं. साखरेचा व्यापार बुडाला नाही, काही वर्षांत बहिष्काराचा जोरही ओसरला. मग त्याने साधलं काय? १७९२ साली गुलामांच्या व्यापाराविरुद्ध ५१९ अर्ज संसदेत येऊन पडले. जो प्रश्न समुद्रापार होता, तो रोज संध्याकाळी टेबलावर येऊ लागला होता. पाहुण्याला 'आमच्याकडे साखर नाही' म्हणताना त्याचं कारण सांगावं लागत होतं, मुलांसमोर सांगावं लागत होतं. व्यापारावर बंदी यायला १८०७ साल उजाडलं आणि गुलामगिरीच संपवणारा कायदा १८३३ मध्ये झाला. इतकी वर्षं एखादी मागणी जिवंत ठेवायची तर ती रोजच्या जगण्यात कुठेतरी मुरलेली असावी लागते.

आपल्या काळाच्या जवळचं उदाहरण फवाऱ्याच्या डब्यांचं आहे. क्लोरोफ्लुरोकार्बन वायू ओझोनचा थर विरळ करतील, असा इशारा मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दिला. हे वायू केसांच्या आणि घामाच्या फवाऱ्यांतून घरोघरी वापरले जात होते. कायदा यायच्या आतच अमेरिकेत लोकांनी ते फवारे घेणं कमी केलं, मागणी झपाट्याने घसरली, एका बड्या उत्पादकाने १९७५ मध्येच हे वायू सोडत असल्याचं जाहीर केलं. तिथली बंदी १९७८ ची, आणि हे वायू आवरणारा जगाचा माँट्रियल करार १९८७ चा. कराराने जे साधलं ते घरगुती निवडीने कधीच साधलं नसतं, हे मान्यच. पण पर्याय शक्य आहे आणि लोकांना तो चालतो, हे करार होण्याआधीच सिद्ध झालेलं होतं. पुढाऱ्यांना धाडस यायला एवढं पुरतं, आणि बहुतेकदा एवढंच लागतं.

आता थेंबवाल्यांकडे वळतो. त्यांच्यावर माझा राग अधिक आहे, कारण काही काळ मी स्वतः त्यांच्यातला होतो. त्यांचा सर्वांत बळकट मुद्दा असा की लहानपणी जे घडतं तेच अंगवळणी पडतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? हे खरं आहे. उलट्या दिशेनेही खरं आहे. २०१९ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शाळेत हवामानबदल शिकलेल्या मुलांच्या आईवडिलांना या प्रश्नाची काळजी आधीपेक्षा जास्त वाटू लागल्याचं त्यात आढळलं, आणि मुलींचा प्रभाव अधिक होता. घरातलं मूल घर बदलतं, यात मला शंका नाही.

त्यांची चूक पुढे होते, हिशेबात. लंगोटाचंच घ्या. ब्रिटनच्या पर्यावरण यंत्रणेने २००८ साली डायपर आणि कापडी लंगोट यांची जन्मापासून कचऱ्यापर्यंतची तुलना प्रसिद्ध केली. एका बाळाला अडीच वर्षं डायपर वापरले तर हवामानावरचा भार सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइडएवढा. कापडी लंगोट सरासरी पद्धतीने, म्हणजे यंत्रात धुऊन आणि काही वेळा यंत्रातच वाळवून वापरले, तर सुमारे ५७० किलो. जवळपास बरोबरीच! कापडी लंगोट खरे सरस ठरले ते तीन गोष्टी एकत्र आल्यावर : यंत्र पूर्ण भरून धुतले, दोरीवर वाळवले, आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळालाही वापरले. मग भार ४० टक्क्यांनी, जवळजवळ २०० किलोंनी उतरला. म्हणजे कापड की डायपर या प्रश्नाला उत्तरच नाही. उत्तर आहे ते पाणी किती गरम केलं, कसं वाळवलं आणि किती बाळांनी वापरलं, या प्रश्नांना. आणि त्यांच्याही मागे आणखी एक प्रश्न उभा आहे, जो त्या तक्त्यात नव्हता. या सगळ्यासाठी वेळ कोणाचा गेला?

आमच्या घरी कापडी लंगोट वापरायचं मी ठरवलं. वाचून, आकडे पाठ करून ठरवलं. भिजवणं, चोळणं, पिळणं, वाळत घालणं आणि दमट हवेत आंबूस वास धरलेले पुन्हा धुणं हे मात्र माझ्या बायकोच्या वाट्याला आलं, कारण मी सकाळी बाहेर पडत होतो आणि ती बाळासोबत घरी होती. सहाव्या आठवड्यात बाळाचं पोट बिघडलं. रात्री दोनला मी उठलो तेव्हा न्हाणीघरात दिवा होता. कोरडे लंगोट संपले होते. ती खाली बसून नळाखाली एक लंगोट धूत होती, दुसऱ्या हाताने रडणारं बाळ खांद्याशी धरलेलं. मान वर न करता तिने विचारलं, "हे आपण नक्की कोणासाठी करतोय?" माझ्याकडे उत्तर होतं, आकड्यांसकट होतं. ते तोंडातून बाहेर पडलं नाही, कारण ज्या निर्णयाचा मला अभिमान होता तो तिच्या झोपेतून वसूल होत होता.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही बदल केला. रात्री आणि आजारपणात डायपर, दिवसा कापड, आणि धुणं माझ्याकडे. बादलीभर ओले लंगोट पिळल्यावर मनगटात जी कळ येते ती कोणत्याही अभ्यासात लिहिलेली नाही. थेंबवाल्यांच्या उपदेशात ज्याला 'कुटुंब' म्हणतात, ते पुष्कळ घरांत एकटी आई असते. कापडी लंगोट तिने धुवायचे, घरीच सगळं शिजवायचं ते तिने, कचरा वेगळा करायचा तोही तिने, आणि चुकलं तर अपराधी वाटून घ्यायचं तेही तिनेच. जगाचा भार उतरवताना घरातल्या एकाच माणसावर तो टाकणारी सवय मला पर्यावरणस्नेही म्हणवत नाही. शिवाय ती टिकतही नाही. पहिल्या तापाच्या रात्री मोडते, आणि मोडली की 'आपल्याला हे जमणारं नाही' एवढंच मागे ठेवून जाते.

टिकतात त्या सवयी बहुतेक कंटाळवाण्या असतात, त्यांचा फोटो चांगला येत नाही. मोठ्याचे कपडे धाकट्याला, शेजारच्या मुलाची सायकल आपल्या मुलाला. ताटात आधी थोडं वाढायचं, मागितलं की पुन्हा वाढायचं. ही शेवटची किरकोळ वाटते, पण संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातला सुमारे ६० टक्के भाग घरांतला होता. लहान मूल अन्न सांडणार, थुंकणार, चिवडणार. तो त्याचा शिकण्याचा मार्ग आहे आणि त्यावर डोळे वटारू नयेत. वाढणारा हात मात्र मोठ्या माणसाचा असतो. याउलट 'हिरव्या' वस्तूंनी घर भरणं हा मला मोठा फसवा रस्ता वाटतो. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या २०१८ च्या अभ्यासात साध्या सुती पिशवीला पातळ प्लॅस्टिक पिशवीची बरोबरी करायला, नुसता हवामानाचा विचार केला तरी ५२ वेळा वापर लागत होता, आणि पाण्यापासून ओझोनपर्यंत सगळे परिणाम धरले तर ७,१०० वेळा. घरात आधीच असलेली पिशवी, ती कशाचीही असो, फाटेपर्यंत वापरणं यापेक्षा चांगलं. नवीन न घेणं विकता येत नाही, म्हणून त्याची जाहिरात कोणी करत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे : हे सगळे सुखवस्तू घरांचे लाड आहेत. दोन पाळ्यांत राबणाऱ्या आईबापांनी लंगोट पिळावेत, दूर चालत जावं, ही अपेक्षा करणारे तुम्ही कोण? मी कोणीच नाही. हातात कमी असलेली घरं मुळातच कमी वापरतात आणि जास्त पुरवून वापरतात. त्यांना शिकवायचं काही नाही, त्यांच्याकडून शिकायचं बरंच आहे. आणि जिथे सवयीला वेळ लागतो, जागा लागते, सुरक्षित रस्ता लागतो, तिथे त्या गोष्टी देणं ही सार्वजनिक व्यवस्थेची जबाबदारी आहे, एकेकट्या घराची नाही.

मुलांच्या मनाबद्दल बोलायलाच हवं. आमची मोठी चार वर्षांची असताना स्टुलावर चढून दात घासत होती. मी सवयीने म्हणालो, नळ बंद कर. तिने तो घट्ट पिळून बंद केला आणि आरशातून माझ्याकडे बघत विचारलं, "मी काल चालू ठेवला होता. मासे मेले का?" हे तिच्या डोक्यात कोणी घातलं ते मला माहीत नाही, कदाचित मीच, कधीतरी, दुसऱ्याशी बोलताना. २०२१ मध्ये १० देशांतल्या १६ ते २५ वयाच्या १०,००० तरुणांची पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात ५९ टक्क्यांनी हवामानाबद्दल खूप किंवा अतिशय काळजी वाटते असं सांगितलं. त्यांची काळजी अनाठायी नाही, आणि मुलांपासून सत्य लपवावं असं मी म्हणत नाही. पण चार वर्षांच्या मुलीला माशांच्या मरणाचा हिशेब द्यायला लावणं, हा १९७१ च्या जाहिरातीचाच डाव आहे, फक्त या वेळी आपण तो आपल्याच लेकरावर खेळतो. त्या वयाला हाताला काम पुरतं. नळ बंद करायचा कारण पाणी घरापर्यंत आणायला कष्ट पडतात. किडा हळूच बाहेर सोडायचा कारण तोही जिवंत आहे. वितळणाऱ्या बर्फाच्या बातम्या तिच्यापर्यंत पोचतील तेव्हा हातांना काहीतरी करता येतं, हे तिला आधीच ठाऊक असावं, एवढंच मी बघतो.

आणि मोठ्यांनी काय करावं? १९७१ साली नेदरलँड्समध्ये वाहनांच्या अपघातांत ३,००० हून अधिक माणसं गेली, त्यात शेकडो मुलं होती. ज्याची मुलगी अशीच गेली होती त्या एका पत्रकाराने पुढच्या वर्षी लेख लिहिला, आणि 'मुलांचे खून थांबवा' या नावाची चळवळ उभी राहिली. आईबाप सायकली घेऊन रस्त्यावर आले, रस्ते अडवून मुलांना खेळायला मोकळे करून दिले. आज त्या देशाच्या सायकलमार्गांचं जगभर कौतुक होतं, आणि ते लोक मुळातच सायकलवेडे म्हणून हे झालं असं समजलं जातं. प्रत्यक्षात त्याआधीची कित्येक वर्षं तिथेही मोटारीच वाढत होत्या. सायकल चालवणाऱ्या घरांनी सायकलीचा रस्ता मागितला, म्हणून तो झाला. ज्याने कधी सायकलवर मूल बसवलं नाही, त्याला रस्ता कुठे अरुंद होतो ते कसं कळणार? आणि नुसतंच चालवत राहून कोणाशी न बोलणाऱ्याला रस्ता कोण देणार?

आमच्या धाकट्याच्या पाळणाघराने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, इथे कापडी लंगोट चालणार नाहीत. एकटा असतो तर मी मुकाट्याने डायपरचा गठ्ठा नेऊन दिला असता. पण आणखी तीन घरांनाही हेच सांगितलं होतं, ते आम्हाला दारात चपला घालताना कळलं. आम्ही चौघं मिळून अर्धा तास बोलायला गेलो. मुलं सांभाळणाऱ्या ताईंनी मुद्द्याचं विचारलं : "घाण झालेले आम्हीच धुवायचे का?" नाही. घट्ट बंद होणारी पिशवी आमची, त्यात टाकायचं, संध्याकाळी आम्ही घरी नेणार, जुलाब-ताप असेल त्या दिवशी डायपर. त्या म्हणाल्या, मग चालेल. आता दाराजवळच्या खुंट्यांवर नाव लिहिलेल्या नऊ पिशव्या टांगलेल्या असतात. त्यांतली पाच घरं आमच्याशी कधी बोललीही नव्हती. पिशव्या बघून त्यांनी ताईंनाच विचारलं.

त्याच नऊ घरांतल्या काहींनी मिळून सध्या एक अर्ज लिहिला आहे. पाळणाघरासमोरच्या चौकात पायी ओलांडायला खुणेचे पट्टे नाहीत, म्हणून दोन गल्ल्यांवर राहणारेही मुलांना गाडीने आणतात. मागच्या शुक्रवारपर्यंत अर्जावर २९ सह्या झाल्या होत्या.